चंगावरचं मागणं

पुढचे दोन दात पडलेल्या बाईनं भर मांडवात चंग वाजवला आणि विहिणीच्या तोंडून हवं ते वदवून घेतलं, ही गोष्ट मी कुणालाही, कधीही, न विचारता सांगते. मी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात वजनकाट्यावर बसते, त्यामुळे ऐकायला माणसांची वानवा नाही. पाव किलो शेंगदाणा चिक्की बांधता बांधता अर्धी गोष्ट होते. मालक म्हणतात, "ताई, त्यांची गाडी चुकेल." चुकू दे, मागून दुसरी येतेच.

पण गिऱ्हाइकाला सांगताना मधलं बरंच गाळावं लागतं. इथं गाळणार नाही.

आधी चंग म्हणजे काय ते सांगते. शिकलेली माणसं त्याला मोरचंग म्हणतात. लोखंडी सळईला आकड्यासारखा बाक दिलेला असतो. मागं धरायला कडं, पुढं एकमेकांना चिकटता चिकटता राहिलेले दोन पाय, आणि त्या पायांच्या मधून पोलादाची पातळ जीभ. पाय वरच्या-खालच्या दातांवर आडवे टेकवायचे, वरून ओठ हलके मिटायचे आणि जिभेचं बाहेर वळलेलं टोक बोटानं छेडायचं. लोखंडाचा आवाज तेवढ्यास तेवढा, बाकी सगळं तोंडाच्या पोकळीचं काम. तोंड आतून मोठं केलं की 'आ' निघतो, आपली जीभ वर नेली की 'ई', ओठ गोल केले की 'ऊ'. पुरुष त्यावर भजनाचा ठेका धरतात. आमच्याकडच्या बायका त्यावर बोलतात.

आमच्याकडच्या म्हणजे बेडशाच्या लेण्यांखालच्या चार-पाच गावांतल्या. ही रीत पुस्तकात सापडायची नाही. हळदीच्या दिवशी, जात्यात हळकुंडं टाकायच्या आधी, नवरीची आत्या चंगावर उखाणा वाजवते. वाजवते आत्या, पण उखाणा नवरीचा. त्यात तिचं एक मागणं असतं, सासरी आपल्या तोंडानं मागायला जड जाईल असं. आत्यानं तो तीनदा वाजवायचा. नवऱ्या मुलाच्या आईनं ओळखून मोठ्यानं म्हणून दाखवला तर ती जिंकली, हळद आमच्या बायकांनी दळायची. पण एकदा म्हणून दाखवला की मागणं मान्य झालं असं धरतात. तोंडातून गेलेला शब्द माघारी घ्यायचा नाही, मग तो खेळात का गेलेला असेना. नाही ओळखला तर दळण त्यांच्या गळ्यात आणि मागणं वाऱ्यावर.

लोकांना ही गंमत वाटते. माझ्या वहिनीला विचारा. तिला लहानपणी म्हशीनं लाथ मारली होती, म्हणून तिच्या आत्यानं वाजवलेल्या उखाण्यात मागणं होतं की सून म्हशीची धार काढणार नाही. माझ्या आईनं हसत हसत तो म्हणून दाखवला. त्यानंतर आमच्या गोठ्यात कितीतरी म्हशी आल्या, व्याल्या, विकल्या, वहिनीनं एकीच्याही आचळाला हात लावला नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा शेजारणीला बोलावून धार काढून घ्यायची, पण वहिनीला सांगायची नाही. "मी म्हणून बसलेय ना," एवढंच म्हणायची.

तर आता माझी भाची. दादाची एकुलती एक मुलगी. तळेगावच्या एका कंपनीत क्वालिटी तपासायला आहे, आणि सुट्टीच्या दिवशी दऱ्यांत उतरते. हौसेनं नव्हे. आमच्या भागात पावसाळी सहलीला आलेली माणसं कड्यावरून घसरतात, धबधब्यात अडकतात, धुक्यात वाट चुकतात. मग फोन येतो आणि गावातली दहा-बारा पोरं-पोरी दोर, कड्या, स्ट्रेचर घेऊन निघतात. ही त्यांतली एक. वजनानं हलकी आणि डोक्यानं थंड, म्हणून अवघड जागी हिलाच खाली सोडतात. कधी जिवंत माणूस वर येतो, कधी नुसता देह. घरी आल्यावर ती गरम पाण्यानं अंघोळ करते, वरण-भात खाते आणि झोपते. मला तिचा इतका अभिमान आहे की तो लपवायचा मी कधी प्रयत्नही केला नाही.

स्थळ चांगलं होतं. मुलगा तिच्याच ओळखीतला, तळेगावचा, समजूतदार. पण त्याच्या आईनं बोलणी करताना वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलगी गुणाची आहे. फक्त ते दोरावर लटकणं लग्नानंतर बंद." भाचीनं होणाऱ्या सासूशी स्वतः बोलून पाहिलं. त्या म्हणाल्या, "बघू." सासूचं 'बघू' म्हणजे काय हे लग्न झालेल्या कुठल्याही बाईला विचारा. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, माझी काही हरकत नाही, पण आईला मी समजावू शकत नाही.

भाची माझ्याकडं लोणावळ्याला आली. चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाली, "आत्या, माझं मागणं ठरलंय. तू वाजवशील ना?"

विहीणबाईंचं माहेर पवन मावळातलं, आमच्याच गावांजवळचं. रीत त्यांना माझ्याइतकीच ठाऊक होती. त्यांनी एकदा म्हणून दाखवलं असतं तर त्या मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. मी म्हटलं, "वाजवीन म्हणजे काय? दगड बोलेल असं वाजवीन."

मोठी जीभ माझी. भाद्रपदात मागीलदारच्या शेवाळावरून पाय सटकला आणि धुण्याच्या दगडाच्या कडेवर तोंडावर आपटले. वरचे पुढचे दोन दात. एक तिथंच पडला, दुसरा लोंबत होता तो डॉक्टरांनी काढला. दुकानात गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायची, मग चिक्कीकडं बघायची. एकानं विचारलंच, "मावशी, चिक्कीनं पडले का?" मी म्हटलं, "नाही, फार प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला चावले." त्यानं मुकाट्यानं दोन किलो घेतली.

दात गेल्याचं मला एवढं दुःख नव्हतं. या वयात कोण बघतंय? पण जखम भरल्यावर चंग तोंडाला लावला आणि खरी अडचण कळली. माझा चंग आखूड पायांचा. वरचा पाय नेमका त्या दोन दातांवर बसायचा. आता तो टेकायला जागाच नव्हती, सरळ खिंडीतून आत जायचा. छेडलं की लोखंड हिरडीवर आपटायचं, तोंडातून खडखड निघायची आणि डोळ्यांत पाणी यायचं.

डॉक्टरांनी दोन दातांची काढघाल करायची कवळी दिली. दिसायला झकास. तिच्यावर चंग टेकवून छेडला तर आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा, अक्षर म्हणून एक सुटेना. जरा जोरात छेडला तर कवळीच निघाली आणि नवऱ्याच्या चहात पडली. त्यांनी ती चमच्यानं काढून मला दिली आणि उरलेला चहा पिऊन टाकला. संसार इतका जुना झाला की माणूस असल्या गोष्टींवर बोलत नाही.

भाचीला कळवावं लागलं. दुसरी कुणी वाजवणारी असती तर मी मान खाली घालून तिला बोलावलं असतं. पण आमच्या गावांत आता हळदीला स्पीकर लागतो आणि चंगावर बोलणारी मी एकटी उरले आहे. भाची म्हणाली, "माझ्या फोनमध्ये तुझं जुनं रेकॉर्डिंग आहे की." होतं खरं, पण ते शेजारच्या मुलीच्या हळदीचं. त्यात मागणं होतं की दिवाळीत पहिले दोन दिवस माहेरी. ते लावून काय करणार? आम्ही दोघी हसलो आणि मग दोघींनाही रडू आलं. ती कधी रडत नाही, म्हणून मला जास्तच लागलं.

रात्रभर तळमळून काही होत नसतं. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून सुट्टी घेतली आणि लोकल पकडून वडगावला उतरले. माझा चंग करणारे लोहार वारले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा आता बाजाराच्या मागं शेड टाकून गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करतो. बोलायला फटकळ, स्वतःवर भलताच विश्वास. मी चंग त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "बाबा, असाच नवा कर. हा दातांवर बसत नाही."

"मावशी, मी सोसायटीची गेटं करतो, बारा बारा फुटांची. ह्ये तर एवढंसं हाय. शनवारी या."

शनिवारी गेले. त्यानं खरंच सुरेख काम केलं होतं. सळई तापवून निमुळती केलेली, कड्याला गोलाई, जीभ नीट मधोमध, दोन्ही बाजूंना केस जाईल एवढीच फट. जुना आणि नवा शेजारी ठेवले तर मला ओळखू येईना. मी तोंडाला लावला. तीच खिंड, तीच खडखड. आणि छेडताच जीभ टणकन मोडून शेडच्या पत्र्यावर जाऊन वाजली. पठ्ठ्यानं तिला तेलाऐवजी पाण्यात विझवली होती, त्यामुळं ती काचेसारखी ठिसूळ झाली होती.

"जीभ माजी चुकली," तो म्हणाला. "पर बाकी तंतोतंत हाय का न्हाई?"

तंतोतंत होता, हेच तर दुखणं होतं. पण ते तेव्हा त्याच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही. मी त्याला चार शब्द सुनावले, त्यानं मला दोन सुनावले आणि मी तणतणत दादाकडं बेडशाला गेले.

तिथं वहिनी तांदळाच्या भाकरीची उकड मळत होती. आमच्याकडं भात पिकतो, भाकरीही तांदळाचीच. भाची ओट्याला टेकून उभी होती. मी वाजवून दाखवायला जुना चंग काढला आणि लोहाराच्या नावानं खडे फोडायला लागले. भाचीनं चंग हातात घेऊन उलटसुलट केला. वरच्या पायावर दोन बारीक खाचा आहेत, त्यांवरून बोट फिरवलं.

"आत्या, या खाचा कशाच्या?"

"माझ्या दातांच्या. माप घेतात ना चंगाचं. उकडीचा गोळा चावायचा आणि तो लोहाराला नेऊन द्यायचा. म्हणून तर कुणाचा चंग कुणाला होत नाही."

"हे माप कधीचं?"

"माझ्या लग्नाच्या आधीचं."

तिनं चंग ओट्यावर ठेवला. मग तिच्या त्या थंड आवाजात म्हणाली, "मागं तापातून उठल्यावर मी बारीक झाले होते, तर मला माझा कमरेचा हार्नेस नव्यानं आवळून मापाचा करावा लागला. जुन्या मापावर खाली उतरले असते तर निसटले असते. तू जुन्या तोंडाचा चंग करून मागतेयस. हे तोंड नवं आहे."

वहिनीनं मळत्या उकडीचा लिंबाएवढा गोळा तोडला आणि माझ्यापुढं धरला. "चावा, वन्सं."

मी चावले. गोळ्यावर माझं तोंड उमटलं: मधे मोकळी जागा आणि तिच्या दोन्ही बाजूंना दात, पलीकडं सुळे, अजून दगडासारखे घट्ट. मी इतके दिवस नसलेल्या दातांचा विचार करत होते. असलेल्यांकडं कुणी बघितलंच नव्हतं. मला स्वतःचा राग आला आणि लगेच हसू आलं. गोळा वाळू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून भाची मला गाडीवर मागं बसवून थेट वडगावला घेऊन गेली.

लोहारानं गोळा दिव्याखाली धरला. "असं आधी सांगायचं की, मावशी. मंग पाय लांब करू. हिकडच्या सुळ्यापासनं तिकडच्या सुळ्यापातुर. खिंडीवर पूल टाकल्यावानी."

"पण लांब पाय म्हणजे लांब जीभ. आवाज खाली जाईल."

"जाऊंद्या की. पडंल तर न्हाई ना?"

या खेपेला मी तिथंच स्टूल टाकून बसले. त्यानं भट्टी पेटवली. गेटाच्या कामाला भट्टी लागत नाही, तरी बापाची म्हणून ती त्यानं कोपऱ्यात ठेवली होती. जिभेसाठी भंगारातून भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची कमान, म्हणजे स्प्रिंग, शोधली. तापवली, ठोकली, पुन्हा तापवली आणि या वेळी तेलात बुडवली. धुरानं आम्ही तिघंही खोकलो. मग कडं धरून बसवलं, जीभ खाचेत ठोकून घट्ट केली, कानशीनं पाय घासले, उकडीच्या गोळ्याला लावून बघितले, पुन्हा घासले. दुपारचं जेवण आम्ही विसरलो. एक माणूस आपल्या गेटाची चौकशी करायला आला, त्याला लोहारानं उद्या ये म्हणून वाटेला लावलं.

मी चंग धुतला, पुसला, तोंडाला लावला. दोन्ही पाय दातांवर असे बसले की ओठ मिटायच्या आधीच मला कळलं. छेडला.

इतका खोल आवाज माझ्या तोंडातून कधी निघाला नव्हता. आधीचा माझा चंग चिमणा होता, पोरीच्या आवाजाचा. हा छातीत उतरत होता. लोहार म्हणाला, "मावशी, ह्यो तर बाप्याचा आवाज हाय." मला आधी राग आला. मग मी एक-एक अक्षर काढून बघितलं. आ. ई. ऊ. ओ. खालच्या सुरावर अक्षरं कशी सुटी सुटी पडत होती. चिमण्या चंगावर 'ओ' आणि 'ऊ' माझे नेहमी एकमेकांत मिसळायचे. इथं दोघांना वेगळं घर मिळालं होतं. दात होते तेव्हा मी इतकं स्वच्छ कधीच बोलले नव्हते. मी शेडमध्ये उभी राहून वाजवत सुटले, लोहार हातोडीनं ऐरणीवर ठेका देत होता आणि भाची दोन्ही हात तोंडावर धरून ऐकत होती.

पुढचे दिवस मी दुकानामागच्या गोदामात, गुळाच्या ढेपांच्या मधे बसून सराव केला. उखाणा भाचीचाच होता:

ढग उतरला डोंगराखाली, वाट दिसंना काई,
हाक आली की दोर घेऊन तुमची सून जाई.

चंगाला असा उखाणा मिळणं भाग्याचं. 'दोर'ला ओठ गोल, 'सून'ला आणखी गोल, आणि 'जाई'ला तोंड सगळं उघडून एकदम जीभ वर. मालक गोदामात डोकावून म्हणायचे, "ताई, आज कुठवर आलं?" शेवटी शेवटी त्यांनी स्वतःच दुसरी ओळ म्हणून दाखवली. मी म्हटलं, "तुम्ही म्हणून उपयोग नाही. जिनं म्हणायचं तिनं म्हटलं पाहिजे."

मार्गशीर्षात हळद झाली. दादाच्या अंगणात मांडव, मधे जातं, जात्याच्या एका अंगाला आमच्या बायका, दुसऱ्या अंगाला तळेगावच्या. ऊन कलतं होतं, समोर लेण्यांचा डोंगर स्वच्छ दिसत होता. दादानं स्पीकर बंद करायला लावला. भाची पाटावर बसली होती, हिरव्या साडीत, दोरानं घट्टे पडलेले हात मांडीवर. विहीणबाई माझ्या समोर. धिप्पाड, देखण्या, नाकात नथ. मी कवळी काढून रुमालात ठेवली. त्यांच्या बाजूच्या दोन तरुण मुली हसल्या. हसू देत.

पहिल्यांदा वाजवला. दोन्ही ओळी, सावकाश. आवाज मांडवभर गेला. तळेगावच्या बायकांत कुजबुज झाली, माना डोलल्या. विहीणबाई पदर नीट करत राहिल्या. बोलल्या नाहीत.

दुसऱ्यांदा वाजवला. या वेळी त्यांच्यातली एक म्हातारी उजळलेल्या चेहऱ्यानं तोंड उघडायला गेली. विहीणबाईंनी न बघता तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हातारी गप्प झाली.

तेव्हा मला कळलं. त्यांना पहिल्या खेपेलाच समजलं होतं. अख्ख्या मांडवाला समजलं होतं. स्वयंपाकाचा आचारी झारा हातात धरून ऐकत उभा होता, त्यालाही समजलं होतं. त्या मुद्दाम गप्प बसल्या होत्या, कारण हळद दळून हात दुखले तरी चालतील, पण तो शब्द तोंडातून जायला नको होता. माझा संताप मस्तकात गेला. इतकी खटपट, इतकं लोखंड, आणि बाई नुसती ओठ मिटून मला हरवणार. मी वहिनीकडं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. भाची मात्र माझ्याकडं बघतच नव्हती. ती विहीणबाईंकडं बघत होती.

मीही मग नीट बघितलं. त्यांनी ओठ मिटले होते ते हट्टानं नव्हे. हनुवटी थरथरत होती. ही बाई घाबरली होती. धुक्यात लोंबणाऱ्या दोरावर तिला आपली सून दिसत होती, आणि कड्यावर वाट बघत उभी असलेली ती स्वतः. माझा राग कुठल्या कुठं गेला. कारण तसंच वाट बघत मीही बसले आहे, फोन मांडीवर घेऊन, कितीदा तरी.

तिसऱ्यांदा मी पहिली ओळ सोडून दिली. रीतीत ते बसतं की नाही, मला माहीत नाही, विचारायला कुणी उरलंही नाही. जात्याला वळसा घालून मी विहीणबाईंच्या पुढ्यात जाऊन बसले, आमचे गुडघे टेकतील इतकी जवळ, आणि फक्त दुसरी ओळ वाजवली. मांडवासाठी नाही, त्यांच्यापुरती. हलक्या बोटानं. हाक आली की. दोर घेऊन. तुमची सून. 'जाई'चा सूर मी हवेत तसाच ठेवला आणि तोंडावरून चंग काढला.

मग विहीणबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला, आणि मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"हाक आली की दोर घेऊन माझी सून जाई,
दुसरं टोक धरून तिची सासू जागी राही."

'तुमची'चं 'माझी' त्यांनी आपण होऊन केलं, आणि पुढची ओळ त्यांना कुणी दिली नव्हती.

भाची पाटावरून उठली आणि हळदीच्या आधी उठू नये हे सगळं विसरून सासूच्या गळ्यात पडली. तळेगावच्या बायकांनी जिंकलो म्हणून टाळ्या पिटल्या. आमच्या बायकांनी दुप्पट पिटल्या. आचाऱ्याच्या कढईतली भजी करपली. वहिनीनं जात्याचा खुंटा धरला, दुसऱ्या बाजूनं मी धरला, आणि हरलेल्या आम्ही दोघी हसत हसत हळद दळायला बसलो.